खंड दुसरा

भिवंडीच्या धामणकर नाक्यावर झेरॉक्सच्या दुकानाबाहेर एक टायपिंगवाला बसतो. भाडेकरार, नावातला बदल, हरवलेली मार्कशीट अशा सगळ्या मानवी दुःखांचे मसुदे त्याच्याकडे तयार असतात; नाव तेवढं बदलायचं. त्याच्यापुढे स्टूल ओढून मी म्हणालो, "गॅपचं अ‍ॅफिडेव्हिट पाहिजे."

"मुलाचं की मुलीचं?"

"माझं."

त्याने माझ्या केसांकडे, म्हणजे ते जिथे असायचे तिकडे, एकदा पाहिलं. "किती खंड पडलाय?"

"एकोणीस."

"महिने?"

"वर्षं."

मराठीत शिक्षणात पडतो तोही खंड आणि कपाटात रांगेने उभा राहतो तोही खंडच. केतकरांनी ज्ञानकोशाचे 23 खंड काढले. माझा एकच निघाला, पण तो 19 वर्षांचा.

मी प्रकाशनशास्त्राची पदव्युत्तर पदविका करत होतो. पुस्तक प्रकाशनाची अशी पदविका इग्नूचीही आहे. माझी कुणाची ते सांगत नाही. दोष सगळा माझा, उगाच त्यांच्या नावाला डाग नको. लेखी पेपर सुटले होते, राहिला होता तो प्रकल्प. मूळ आराखडा एका वर्षाचा.

"कारण काय टाकू?" टायपिंगवाल्याने विचारलं. "आजारपण टाकतो. सगळे तेच टाकतात."

"एकोणीस वर्षं आजारी?"

"मग तुम्हीच सांगा."

सांगणार काय? 2006 साली माझ्याकडे कारण होतं आणि ते नामी होतं. भिवंडीत तेव्हा तासन्‌तास वीज नसायची. लूम बंद पडले की अशी शांतता पसरायची की तिनेच झोपलेला माणूस दचकून उठायचा. आम्हाला खडखडाटात झोप लागते. मेणबत्तीच्या उजेडात मी फर्म्याचा हिशेब मांडायचो, सोळा पानांचा एक फर्मा, आणि नवव्या फर्म्यावर मेणाचा थेंब पडायचा. विचारेल त्याला सांगायचो, लाईट आली की पुरा करतो. मग 2007 च्या जानेवारीत गावाचं वीजवितरण खासगी कंपनीकडे गेलं आणि बघता बघता लाईट टिकायला लागली. इतकं जोपासलेलं कारण असं हातातून गेलं.

पण देवाची करणी बघा. त्याच महिन्याच्या 1 तारखेपासून पुस्तकांचा आयएसबीएन जगभर 10 आकड्यांचा 13 आकड्यांचा झाला. माझ्या प्रकल्पातलं एक अख्खं प्रकरण दहा आकड्यांवर होतं! म्हणजे लिहिलेलं शिळं झालं, आता नव्याने वाचायला हवं, त्याला वेळ हवा. नवीन कारण घरपोच आलं आणि ते पुढे अठरा वर्षं पुरलं.

पोटासाठी मी पूर्ण्याच्या एका गोदामात लागलो. ऑनलाइन मागवलेला आणि परत आलेला माल तपासायचं काम. टॉवेल येतात, मिक्सर येतात, पण पुस्तकांचा खोका आला की मी इतरांना हात लावू देत नाही. भिलारला 2017 साली पुस्तकांचं गाव झालं. तिथे घराघरांत पुस्तकं आहेत, बाहेर पाट्या आहेत, माणसं सहली काढून बघायला जातात. चांगलंच आहे. पण पूर्णा, वळ, काल्हेरच्या पत्र्यांखाली जेवढी पुस्तकं रात्री मुक्कामाला असतात त्यांची कुणी मोजदाद केली तर पाटी कुठे लागायला हवी ते कळेल. आमच्याकडे पाटी एकच: आत बिडी-सिगारेट पिऊ नये.

जेवणाच्या सुट्टीत मी खोक्यावर आयएसबीएनची गणितं करायचो. पहिला आकडा एकने गुणायचा, दुसरा तीनने, पुन्हा एक, पुन्हा तीन; बाराही आकड्यांची बेरीज दहाच्या पाढ्यात बसायला जितकी कमी पडेल तो तेरावा आकडा. जुळला की फार बरं वाटतं. दोन हमाल मागे उभे राहून रोज बघायचे. एक दिवस धीर करून एकाने कानाशी विचारलं, "साब, आज ओपन क्या आएगा?" मी म्हटलं हे मटक्याचं नाही, पुस्तकाचं आहे. तो समजूतदारपणे हसला. त्या दिवसापासून माझा डबा कोणी हलवला नाही.

पदविका पूर्ण करायची ठिणगी मात्र माळ्यावर पडली. दिवाळीच्या साफसफाईत बायकोने एक फुगलेली फाईल आणि एक फ्लॉपी खाली टाकली. "अहो, एक तर हे पुरं करा, नाहीतर रद्दीत घाला. मला फराळाचे डबे ठेवायला जागा पाहिजे." मी बाणेदारपणे पहिला पर्याय निवडला. फाईल रद्दीत घालायची तर पुढच्या रविवारपर्यंत थांबावं लागलं असतं.

फ्लॉपी वाचणारा माणूस मिळायला तीन आठवडे लागले. फाईल उघडली तर पडद्यावर डॉलर, उलटी प्रश्नचिन्हं आणि डोक्यावर टिंबं दिलेली परकी अक्षरं. मजकूर श्रीलिपीतला, कॉम्प्युटर युनिकोडवाला; फॉन्ट नसला की मराठीचं असं होतं.

"बाबा, ही कुठली भाषा?" मुलाने विचारलं.

"माझी," मी म्हणालो.

शेवटी फाईलमधल्या पिवळ्या प्रिंटावरून सगळं परत टाईप करायला बसलो. मुद्रणाच्या इतिहासाचं प्रकरण तेवढं तोंडपाठ निघालं. गणपत कृष्णाजींनी 1831 साली मराठी पंचांग छापलं. शाईत जनावरांची चरबी असते म्हणून लोक छापील पंचांगाला शिवेनात, तेव्हा त्यांनी तूप घालून शाई केली. मी हे रंगात येऊन मोठ्याने वाचत होतो. स्वयंपाकघरातून आवाज आला, "तुम्हाला डॉक्टरांनी तूप बंद केलंय, लक्षात आहे ना?"

तर टायपिंगवाला थांबला होता. "घरगुती अडचण टाकू?"

"टाका."

त्याने स्टॅम्प पेपरवर प्रिंट काढून हातात दिली. तिसरी ओळ: 'सदर काळात माझ्या शिक्षणात 19 वर्षांचा दंड पडला असून.' अर्थाने चुकीचं म्हणता येणार नाही. पण खिशात लाल पेन होतं, आणि हातांना 2006 मध्ये शिकलेलं सगळं आठवत होतं. मी 'द' वर तिरकी रेघ मारली, समासात 'ख' लिहिला, पुढच्या ओळीतला जास्तीचा 'की' उडवून शेजारी खोडण्याची ती वळणदार खूण काढली. फार सुरेख आली.

"काका, हे काय खेकडं काढलंत?"

"मुद्रितशोधन."

"पेपर गेला ना. आता दुसरा आणा."

दुसरा आणला. दुसऱ्या प्रिंटमध्ये खंड होता, 'की' गेला होता, आणि पाचव्या ओळीत 'पदवीका' असं दीर्घ वेलांटी देऊन छापलं होतं. टायपिंगवाला माझ्या खिशाकडे बघत होता. मी लाल पेन टोपणासकट आत ढकललं, त्याचं निळं घेतलं आणि खाली सही केली.

घरी बायकोने कागद उभ्याउभ्याच वाचला. "घरगुती अडचण म्हणजे मी का?" मी चपला नीट लावत राहिलो. तिने कागद पुन्हा डोळ्यांजवळ नेला.

"अहो, आणि पदविका ऱ्हस्व ना?"