सिनेटला जाब, ग्रामसभेला दांडी

उदारमतवादी नागरिक हा प्राणी पुणे–सोलापूर महामार्गावरच्या भांडगावसारख्या गावांत चहाच्या टपरीवर आढळतो. अमेरिकेबाबत त्याची मते पक्की असतात. फेब्रुवारी 2025 मध्ये 104 भारतीयांना बेड्या घालून लष्करी विमानाने अमृतसरला आणून सोडले, तेव्हा त्याचा चहा निवला. सप्टेंबरात नव्या एच-1बी व्हिसा अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क बसले, तेव्हा त्याने दुसरा कप मागवला. पुतण्या न्यू जर्सीत असतो. स्थलांतरितच देश उभा करतात, हे त्याचे ठाम मत. दौंड तालुक्यातल्या गुऱ्हाळांवर भट्टीच्या धगीत काहिलीतला रस ढवळणारे उत्तर प्रदेशचे मजूर मात्र ‘बाहेरचे’. त्यांच्याकडे तो आधार कार्डाची झेरॉक्स मागतो.

सरकारला जाब विचारण्याचा त्याचा हक्क वॉशिंग्टनपुरता. ग्रामसभेला 15 टक्के किंवा 100 मतदार, यांतली कमी असेल ती संख्या हजर लागते. तेवढीही जमली नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. (कायदा माणसे ओळखून असतो.) घरपट्टी वाढल्याचे त्याला पावती हातात आल्यावर कळते. त्या दिवशी तो सिनेटवर जरा जास्तच कडक बोलतो.