काळा पट्टा विकणाऱ्या सरांस

सर,

तुमच्या कराटेच्या क्लासमध्ये शिरताना 'ओस' म्हणायचं असतं, पण या पत्रात मी ते म्हणणार नाही. माझ्या मुलीच्या उजव्या मनगटाला प्लास्टर आहे. ते कशामुळे आलं हे तुम्हाला चारचौघांसमोर सांगायचं आहे, म्हणून पत्र खुलं लिहिते आहे.

ती दहा वर्षांची असताना मी तिला घेऊन तुमच्याकडे आले होते. एकच प्रश्न विचारला होता : अगदी नवख्या मुलीला सगळ्यात सोपं काय पडेल? तुम्ही लगेच म्हणालात, "कराटे. दोन वर्षांत ब्लॅक बेल्ट, माझी गॅरंटी." ती कशाला घाबरते, तिला धरपकड आवडते की लाथा-ठोसे, आधी कुठलं हाडबिड मोडलंय का, यातलं काही तुम्ही विचारलं नाहीत. चपलांच्या दुकानातसुद्धा आधी पायाचं माप घेतात.

गॅरंटी मात्र तुम्ही पाळलीत. पिवळा, केशरी, हिरवा, निळा, जांभळा, तपकिरी आणि शेवटी काळा. प्रत्येक रंगाला परीक्षा, परीक्षेची फी, पट्ट्याचे पैसे वेगळे, सर्टिफिकेटचे वेगळे. मी दर परीक्षेला हॉलच्या कडेला बसलेली असायचे. बावीस महिन्यांत एकही मूल नापास झालेलं मी पाहिलं नाही. जिथे कुणी नापासच होत नाही तिथे परीक्षा होत नाही, पावती फाडली जाते.

गेल्या महिन्यात ती मामेबहिणीबरोबर तिच्या शाळेत ज्युदोचा सराव बघायला गेली. तिथल्या सरांनी विचारलं, "आधी काही शिकलीयस का?" तिने ताठ मानेने सांगितलं, "कराटे ब्लॅक बेल्ट." त्या भल्या माणसाने साहजिकच गृहीत धरलं की हिला पडता येत असेल, आणि तिला सरावात उतरवलं. समोर तिच्याहून बारीक मुलगी होती, शिकायला लागून वर्षही न झालेली. तिने बाही आणि कॉलर धरली, गर्रकन वळली आणि माझी मुलगी तिच्या पाठीवरून पलीकडे गेली. खाली येताना हिने हात ताठ करून टेकवला. मनगटाजवळचं हाड मोडलं.

त्या दुसऱ्या मुलीचा यात काही दोष नाही. त्या सरांनी तुमच्या पट्ट्यावर विश्वास ठेवला, आणि त्या विश्वासाची किंमत माझ्या मुलीच्या हाडाने चुकवली.

पडताना हात पुढे टाकणं ही माणसाची उपजत सवय आहे. ज्युदोत पहिल्या दिवसापासून तीच सवय मोडतात. हनुवटी छातीला लावायची, पाठ गोल करायची आणि आख्खा हात तळव्यापासून कोपरापर्यंत गादीवर आपटून धक्का पसरवून टाकायचा. याला ते 'उकेमी' म्हणतात. तुमच्या हॉलमध्ये बावीस महिन्यांत हे एकदाही झालं नाही, कारण तिथे गादीच नाही. गुळगुळीत फरशी आहे, आणि फरशीवर पडणं शिकवता येत नाही.

तुम्ही म्हणाल, लहान मुलांसाठी सोपं करून शिकवावं लागतं. अगदी खरं. सोपं करण्याबद्दल माझी मुळीच तक्रार नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओकिनावात इतोसू आंको यांनी कराटे शाळांमध्ये नेलं, तेव्हा मुलांना झेपतील असे पाच सोपे काता, म्हणजे हालचालींचे ठरलेले क्रम, बसवले. तुमच्या भिंतीवर ज्या हेइआन कातांचा तक्ता आहे, ते हेच. त्याआधी १८८२ साली तोक्योत जिगोरो कानो यांनी ज्युदो सुरू केला. जुजुत्सू या जुन्या युद्धकलेतले घातक डाव त्यांनी सरावातून बाजूला काढले, म्हणजे उरलेले डाव पूर्ण ताकदीने, खऱ्याखुऱ्या विरोधासमोर आणि तरीही जिवाला धोका न होता घोटता यावेत. या दोघांनी सोपं केलं ते शिष्याला पुढचं अवघड पेलता यावं म्हणून. तुम्ही अवघड तेवढं सगळं काढून टाकलंत आणि पट्टा तेवढा ठेवलात.

त्या पट्ट्याचा अर्थही तुम्ही मुलांपासून लपवलात. काळ्या पट्ट्याच्या पहिल्या पायरीला जपानीत 'शोदान' म्हणतात, आणि त्यातल्या 'शो'चा अर्थ आहे आरंभ. मुळाक्षरं गिरवून झाली, आता लिहायला बसा, एवढंच तो पट्टा सांगतो. कराटे ओकिनावातून जपानच्या मुख्य भूमीवर रुजवणाऱ्या गिचिन फुनाकोशींना त्यांच्या गुरूने तेक्की नावाच्या तीन कातांवर दहा वर्षं घासून घेतलं होतं. तायक्वांदोत पंधरा वर्षांखालच्या मुलांना सहसा पूर्ण काळा पट्टा देत नाहीत, अर्धा लाल-अर्धा काळा देतात. ब्राझिलियन जिउ-जित्सूत एकोणीस वर्षांच्या आत काळा पट्टा मिळत नाही. तुम्ही तो बारा वर्षांच्या मुलीच्या कमरेला बांधलात, तिचा फोटो क्लासच्या जाहिरातीत छापलात आणि तिला सांगितलंत की आता ती कुणालाही भारी आहे. सर, मला सगळ्यात जास्त राग या वाक्याचा आहे. मनगट पाच-सहा आठवड्यांत जुळेल. पण उद्या अंधाऱ्या गल्लीत पळून जायचं सोडून ती या वाक्याच्या भरवशावर उभी राहिली असती तर?

माझे वडील कोल्हापूरच्या तालमीत घाम गाळलेले. तिथे कुणाच्या कमरेला रंग नसतो. पोरगं येतं, आधी हौद्यातली लाल माती उकरतं, जोर-बैठका मारतं, मग वस्ताद त्याला त्याच्या जोडीच्या पोराशी झुंजवतात. मातीत तेल, ताक, हळद मुरलेली असते, पडलं तरी अंग फुटत नाही. आणि पोरगं दिवसातून पन्नास वेळा पडतं. कोण किती पाण्यात आहे, हे पहिल्या आठवड्यातच त्याचं त्याला कळतं. १९५२ साली हेलसिंकीहून ऑलिम्पिकचं कांस्यपदक आणणारे आपले खाशाबा जाधव अशाच मातीतून वर आले. त्या मातीने कुणाला गॅरंटी दिली नव्हती.

मी कराटेच्या विरुद्ध नाही. चांगल्या हाताखाली कराटे नवख्याला खरंच सोपं जातं : एकट्याने घोटता येतं, साहित्य लागत नाही, अंगाला वळण लागतं. ज्याला धरपकड आवडते त्याला ज्युदो किंवा कुस्ती सोपी. पाय चपळ असतील तर तायक्वांदो. बॉक्सिंगमध्ये मोजकेच ठोसे असतात, लवकर हातात बसतात, पण डोक्यावरचा मार लहान मुलांना नको. दोन वर्षांपूर्वी हे एवढं बोलायला तुम्हाला पाच मिनिटं लागली असती. आणि इतर पालकांना मी आता हेच सांगते की कलेचं नाव शेवटी विचारा. आधी एक तास कडेला बसून बघा : खाली गादी आहे का, पहिल्या आठवड्यात पडायला शिकवतात का, समोरचा मुलगा खराखुरा विरोध करतो की ठरल्याप्रमाणे आडवा होतो, आणि मागच्या परीक्षेत कुणी नापास झालं होतं का.

फी परत नको, सर. प्लास्टर निघालं की ती ज्युदोला जाणार आहे, पांढरा पट्टा बांधून. तिनेच ठरवलंय. काळा पट्टा घडी करून तिने माझ्याकडे दिला आणि म्हणाली, "हा सरांना देऊन टाक." तो या पत्रासोबत पाठवते आहे.

तुमच्या संध्याकाळच्या बॅचमध्ये अजून अठरा मुलं आहेत. पुढच्या परीक्षेच्या फीतून त्यांच्यासाठी गाद्या आणा, आणि परीक्षा घेण्याआधी त्यांना पडायला शिकवा.

एक पालक