पहिला हप्ता कागदांचा

लॅपटॉप हवा मुलाला. तो सतरा वर्षांचा, म्हणून कर्ज त्याच्या नावावर होत नाही. करार करायला अठरा पूर्ण लागतात, १८७२च्या करार कायद्याखाली अज्ञानाची सही धरली जात नाही. मग कर्ज आईच्या नावावर. आईच्या आधारवर सासरचं नाव, मतदार ओळखपत्रावर माहेरचं. आधारवरचा पत्ता मुंबईतल्या चाळीतला. गावच्या घराचं लाइट बिल अजून वारलेल्या आजेसासऱ्यांच्या नावाने येतं. संगमेश्वर तालुक्यातल्या कुठल्याही वाडीत असं घर सापडेल. या बाईंनी कोणाला फसवलेलं नाही. त्यांनी लग्न केलं, नवऱ्याच्या नोकरीपायी मुंबईत राहिल्या, मग गावी परतल्या. एवढ्या सरळ आयुष्याचा हिशेब दुकानातल्या फायनान्सच्या टेबलावर जुळत नाही आणि त्यांना सांगितलं जातं, “ताई, डॉक्युमेंट मॅच होत नाहीत.”

होत नाहीत तर नियम काय सांगतो, हे मात्र कोणी सांगत नाही. म्हणून आज तेच लिहितो.

बँका आणि फायनान्स कंपन्यांनी ग्राहकाची ओळख कशी पटवायची, हे रिझर्व्ह बँकेने ठरवून दिलं आहे. मुळात हा मनी लाँडरिंगविरोधी कायद्याचा भाग. तो कायदा २००२चा आणि रिझर्व्ह बँकेच्या केवायसी निर्देशांतली ओळखपत्रांची यादी सहाच नोंदींची: पासपोर्ट, वाहन परवाना, आधार, मतदार ओळखपत्र, रोजगार हमीचं जॉब कार्ड आणि राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीचं पत्र. यातलं एक पुरतं. जोडीला पॅन, आणि पॅन नसेल तर आयकर नियमांतला पर्यायी नमुना. ओळखीपुरती बाब इथे संपते.

या यादीत रेशन कार्ड नाही. ज्या कार्डावर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या घर ओळखलं गेलं, ते इथे ओळखपत्र म्हणून चालत नाही. उलट जॉब कार्ड चालतं. रोजगार हमीचा कायदा देशात पहिल्यांदा महाराष्ट्राने केला, १९७७ साली. मजुराच्या हातातलं ते कार्ड लॅपटॉपच्या कर्जालाही ग्राह्य आहे, फक्त त्यावर राज्य सरकारच्या अधिकाऱ्याची सही हवी. ते काढून टेबलावर ठेवायला कोणी लाजू नये. “आधारच द्या” हा हट्टही धरता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८च्या निकालात खासगी कंपन्यांच्या आधारसक्तीला चाप लावला. त्यानंतर २०१९ साली कायदा दुरुस्त झाला, पण तोही ग्राहकाच्या मर्जीनेच आधार वापरू देतो.

आता नावाचं. माझा खरा राग इथे आहे. महाराष्ट्रात लग्न झालं की बाईचं मधलं नाव बदलतं, आडनाव बदलतं आणि पुष्कळ घरांत तांदळाच्या ताटात नवऱ्याने लिहिलेलं पहिलं नावही बदलतं. ही रीत तिने ठरवलेली नाही. रीत आपण पाळायची आणि तिचा दंड तिने टेबलावर भरायचा, हा कुठला न्याय? नियम इथे दुकानापेक्षा शहाणा आहे. ओळखपत्र काढल्यानंतर नाव बदललं, तरी ते ओळखपत्र बाद होत नाही. सरकारी विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद जोडली की भागतं. अडचण प्रमाणपत्राचीच आहे. चाळीस वर्षांपूर्वी मांडवात लग्न लागलं तेव्हा नोंदणी कोणाच्या डोक्यात होती? पण महाराष्ट्राच्या १९९८च्या विवाह नोंदणी कायद्याखाली लग्न उशिराही नोंदवता येतं, गावात ते काम ग्रामपंचायतीत होतं. ज्या घरात बाईच्या नावावर पुढेमागे काहीही घ्यायचं आहे, त्या घराने ही नोंद आधी उरकावी. सासूबाईंचीसुद्धा.

१ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव लावणं राज्याने सक्तीचं केलं: मुलाचं नाव, आईचं, वडिलांचं, मग आडनाव. निर्णय चांगलाच आहे. पण ही मुलं कर्ज मागायला येतील तेव्हा चार नावांचा माणूस तीन रकान्यांच्या फॉर्मवर अडायला नको, याची काळजी आत्ताच घ्यायला हवी.

पत्त्याची गोष्ट कोकणाची स्वतःची आहे. आपली निम्मी माणसं मुंबईच्या पत्त्यावर नोंदलेली. २०२०च्या टाळेबंदीत परतलेल्यांपैकी काही गावातच राहिले, आधार मात्र परळ-लालबागच्या खोलीवर. घर आजोबांच्या नावाने घरपट्टीला, सातबाऱ्यावर डझनभर सहहिस्सेदार. अशा माणसाला “पत्ता बदलून आणा” म्हणणं म्हणजे त्याचे दिवस मोडणं. तालुक्याला नाव संगमेश्वरचं असलं तरी तहसीलदार बसतात देवरुखला. माखजनच्या किंवा फुणगूसच्या माणसाला एका दाखल्यापायी तिकडे जायचं तर त्या दिवशीची मजुरी गेलीच.

खरं तर बदलून आणायची गरज पुष्कळदा नसतेच. संस्थेला आधार-पडताळणीची परवानगी असेल आणि तुमची ओळख ओटीपीने किंवा अंगठ्याने पटली असेल, तर सध्याचा पत्ता वेगळा आहे हे स्वतःच्या सहीने लिहून देता येतं. ते स्वघोषणापत्र नियमाला पुरतं. ओळखपत्रावर पत्ता जुना असेल तर दोन महिन्यांच्या आतलं लाइट बिल किंवा घरपट्टीची पावती तात्पुरती चालते, आणि नव्या पत्त्याचं ओळखपत्र द्यायला तीन महिने मिळतात. अर्थात बिल तुमच्या नावाचं हवं. आजेसासऱ्यांच्या नावाचं बिल इथे कामाचं नाही. म्हणून घरपट्टी आणि वीजजोडणी हयात माणसाच्या नावावर आणणं ही वाटण्यांची भांडणं मिटेपर्यंत थांबवायची गोष्ट नव्हे. ज्याच्याकडे पत्त्याचा स्वतःचा कागदच नाही, त्याला २०२३पासून कुटुंबप्रमुखाच्या संमतीने आधारवरचा पत्ता ऑनलाइन बदलता येतो. नात्याचा पुरावा म्हणून तिथे रेशन कार्ड चालतं.

मग पाच-पाच झेरॉक्स कशाला? कारण दोन वेगळ्या मागण्या एकाच गठ्ठ्यात बांधल्या जातात. तुम्ही कोण, ही पहिली. तुम्ही फेडाल का, ही दुसरी. पगारपत्रक, बँकेचं स्टेटमेंट, रद्द केलेला चेक, सिबिल हे सगळं दुसऱ्या प्रश्नासाठी. ते मागायचा हक्क कंपनीला आहे, पैसे तिचे आहेत. माझा आक्षेप एवढाच की कंपनीची अट सरकारचा नियम म्हणून सांगू नये. अट असेल तर त्यावर बोलता येतं, दुसऱ्या कंपनीकडे जाता येतं. नियम म्हटला की गावचा माणूस मान खाली घालून उठतो. आणि मुलाच्या प्रवेशाच्या दिवसांत उठून जाणं परवडत नाही. आंबवला अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, पोरं जिल्ह्यातच शिकू शकतात. त्यांचं पहिलं वर्ष संगणकावाचून जायला नको.

पतसंस्थेचं गणित निराळं. ती सहकार खात्याच्या अखत्यारीत येते, माणसं ओळखीची असतात, कागद कमी लागतात, जामीनदार जास्त. जामीनदार म्हणून सही करणाऱ्या शेजाऱ्याला एक गोष्ट आधीच सांगा: कायद्याने त्याची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. “नुसती सही आहे” असं म्हणून कोणाला बसवू नका.

झेरॉक्सबद्दल हातचं न राखता बोलायला हवं. आधारचा फोटो दुकानातल्या पोराच्या खासगी व्हॉट्सॲपवर पाठवायचा नाही. तो मोबाईल उद्या कोणाच्या हातात जाईल हे त्यालाही ठाऊक नसतं. २०२२च्या मे महिन्यात आधार प्राधिकरणाच्याच बेंगळुरू कार्यालयाने पत्रक काढलं की आधारची झेरॉक्स कुठेही देऊ नका. गोंधळ उडाल्यावर दोन दिवसांत ते मागे घेतलं गेलं. इशारा मागे गेला, धोका तिथेच राहिला. शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क केलेलं आधार डाउनलोड करता येतं, जिथे चालेल तिथे तेच द्या. प्रत्येक झेरॉक्सवर आडवं लिहा: कशासाठी, कोणाला, कोणत्या तारखेला. कर्ज नाकारलं तर कागद परत मागा. कर्जाचं ॲप फोनमधले नंबर किंवा फोटो उघडायची परवानगी मागत असेल, तर तिथेच थांबा. कर्ज देणाऱ्या ॲपला त्यांना हात लावायची रिझर्व्ह बँकेने मनाई केली आहे.

आणि हे सगळं मराठीत मागा. फायनान्स कंपनीने कर्जदाराशी त्याला कळणाऱ्या भाषेतच व्यवहार करायचा, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. १ ऑक्टोबर २०२४पासून अशा कर्जाआधी एक माहितीपत्रक द्यावं लागतं. त्यात व्याज, प्रोसेसिंग फी, सगळे आकार मिळून वर्षाचा खरा दर लिहिलेला असतो, आणि तेही कर्जदाराला कळेल अशाच भाषेत. “नो कॉस्ट” म्हणणाऱ्याकडून हा कागद आधी घ्या, मग ओटीपी सांगा.

दुकानदारांनाही माझं एक मागणं आहे. मोबाईलच्या ऑफर लावता त्याच भिंतीवर एक मराठी फलक लावा: ओळखीसाठी काय लागतं, कंपनीच्या अटीसाठी काय लागतं, दोन वेगळ्या रकान्यांत. विक्री तुमचीच वाढेल. गिऱ्हाईक एका खेपेत पुरे कागद घेऊन येईल.

एवढं करूनही कोणी कारण न सांगता परत पाठवलं, तर आधी त्या बँकेकडे किंवा कंपनीकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. फी नाही, वकील लागत नाही. चंदीगडच्या केंद्राकडे पत्राने गेलेली तक्रार कुठल्याही भाषेतली चालते.