कॅचर एक, संघ पाच

कॉलेज बेसबॉलचा हंगाम सुरू व्हायचाय, संघनिवड व्हायचीय, मैदानावर अजून मका वाळतोय. पण आपल्या सिल्लोड गटाचं भाकीत जाहीरही झालं. पाच संघ. पहिला ‘विजेतेपदाचा प्रबळ दावेदार’, दुसरा ‘धक्कादायक निकाल नोंदवण्याच्या तयारीत’, तिसरा ‘नवोदित पण अनुभवी’, चौथा ‘गतवर्षीच्या चुका सुधारून उतरणार’. पाचव्याबद्दल ‘सहभाग निश्चित’ एवढंच लिहिलंय. माझ्या मते पाचातलं सगळ्यात धाडसी भाकीत हेच.

अमेरिकेत ही रीत जुनी आहे. तिथला कॉलेजांचा हंगाम फेब्रुवारीत सुरू होतो. त्याआधी गटातले कोच मतं देऊन क्रमवारी लावतात आणि बऱ्याच गटांत स्वतःच्या संघाला मत द्यायला मनाई असते. मग जूनमध्ये ओमाहाला अंतिम फेऱ्या झाल्या की कोण किती चुकलं ते कळतं. आपल्याकडे अशी मनाई करून उपयोग नाही. आपला संघ कोणता, हे आपल्या सरांनाच सामन्याच्या सकाळी, जीपमधून कोण कोण उतरतं त्यावरून कळतं.

तर ते भाकीत मी चष्मा लावून वाचलं. फलंदाजी कुणाची ‘आक्रमक’, कुणाची ‘बेभरवशाची’. पिचिंग कुठे ‘वेगवान’, कुठे ‘प्रयोगशील’. पण एक शेरा पाचही संघांपुढे अक्षर न बदलता छापलाय: ‘कॅचिंग भक्कम’.

छपाईची चूक वाटेल, पण तसं नाही. आख्ख्या गटात कॅचरचा, म्हणजे फलंदाजामागे उकिडवा बसून चेंडू झेलणाऱ्याचा, मास्क एकच आहे. लोखंडी जाळी, आतली गादी उंदरांनी खाल्लेली, पट्टा तुटला म्हणून सुतळी बांधलेली. बेसबॉलचा चेंडू जेमतेम 145 ग्रॅमचा, क्रिकेटच्या चेंडूपेक्षा हलका. पण तो 18.44 मीटरवरून सरळ थोबाडावर येतो. मास्कशिवाय त्यासमोर बसायला कोण तयार होणार? बरं, एका वेळी क्षेत्ररक्षण एकच संघ करतो. म्हणजे एका सामन्याला मास्क एकच पुरतो, इथवर हिशेब चोख आहे. पुढे कुणाच्या तरी डोक्यात आलं की मास्क एकच लागतो तर कॅचर तरी दोन कशाला?

तसा एक पोरगा गेल्या हंगामात सापडलाही. गोळेगावकडचा. मैदानावर मका उलथायला रोजंदारीनं आला होता. उकिडवा बसून पोती भरताना स्पोर्ट्सच्या सरांच्या नजरेत भरला, कारण इतका वेळ उकिडवा बसू शकणारा एकही पोरगा पाचही कॉलेजांच्या पटावर नव्हता. “बसशील का रे?” म्हणाले. तो म्हणाला, “बसतो की सर. कोनाकडून?”

सर्वांकडून. जाळीआड कोण आहे ते दिसत नाही, ही त्या मास्कची खरी किंमत. यादीत ज्याचं नाव, त्याचं तोंड. पहिल्या सामन्यात तो प्रबळ दावेदारांचा कॅचर, दुसऱ्यात धक्कादायकवाल्यांचा. अंतिम सामन्यात तर दोन्हींकडून, कारण डाव बदलला की दोन्ही संघ जागा बदलतात आणि हा फक्त टी-शर्ट बदलतो. सगळं सुरळीत चाललं होतं, पण मध्येच त्याची बॅटिंग आली. आता होमप्लेटला बॅट घेऊनही तोच उभा राहणार आणि मागे उकिडवाही तोच बसणार. तेव्हा एका सरांनी नियमपुस्तक काढलं: बदली फलंदाज द्या, डेसिग्नेटेड हिटर! दुसरे सर उसळले: तो नियम पिचरसाठी आहे, कॅचरसाठी नाही, नियम म्हणजे नियम! अर्धा तास तात्त्विक वाद झाला. एकच पोरगा दोन्ही संघांत आहे, यावर कुणाचाच आक्षेप नव्हता. अखेर मधला मार्ग निघाला: मागची जागा रिकामी ठेवून त्यानं बॅटिंग करावी. पिचरनं फेकलेला चेंडू त्या रिकाम्या जागेतून गेला तो थेट मक्याच्या ढिगात. दोन्ही संघ ढीग उपसत बसले तोवर हा तीन बेस पळून आला. तिसऱ्या बेसवर मात्र थबकला. घरी पोचायचं तर कॅचरला चुकवावं लागतं, आणि कॅचर तर हाच. अंपायरकडे बघून त्यानं विचारलं, “सर, मी मलाच बाद करू का?”

हसून झालं असेल तर पुढचं वाचा. सामना सुटला, फोटो झाले, प्रमाणपत्रं वाटली. संघागणिक सोळा-सोळा नावं. त्यातली निम्मी पोरं त्या दिवशी मैदानावर सोडा, तालुक्यातही नव्हती. राज्यात सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण आहेत, आणि त्या शिडीची पहिली पायरी म्हणजे असलाच एखादा गट. म्हणून जिथं कबड्डीच्या संघात घुसायला भांडणं होतात, तिथं बेसबॉलचं प्रेम अचानक उफाळून येतं: स्पर्धक कमी, बघणारं कुणी नाही आणि नियम तर कुणालाच कळत नाहीत. बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं राज्यात इतकी गाजली की पडताळणी सक्तीची झाली. पण पडताळणीत सही, शिक्का आणि जावक क्रमांक बघतात. जरा पळून दाखव रे, असं कोण म्हणतं?

पळतात ती वेगळी पोरं. पहाटे पाचला अजिंठा रस्त्याच्या कडेनं बघा, पोलीस भरतीच्या 1600 मीटरची तयारी करत ट्रकांच्या उजेडात पळत असतात. पोरीही असतात, 800 मीटरवाल्या. त्यांच्या पुढं-मागं कुणाचा तरी बाप मोटारसायकलवर. रस्त्याच्या कडेनं का? तर मैदानावर कधी मका असतो, कधी मंडप, कधी नेत्यांच्या गाड्या. या रस्त्याच्या रुंदीकरणात वर्षानुवर्षं धूळ आम्ही खाल्ली, आता रुंद झाला तर त्याच्या कडेला आमच्या पोरांनी जीव मुठीत धरून पळायचं! त्यांनी घाम गाळून मैदानी चाचणीचे 50 गुण मिळवायचे, आणि शेजारच्या रांगेतून जन्मात चेंडू न पाहिलेला एखादा ‘बेसबॉलपटू’ पुढे सरकायचा. याला भाकीत कशाला लागतं? निकाल तर हंगामाआधीच टाइप झालेला असतो.

तो गोळेगावचा पोरगाही त्याच रस्त्यावर पळतो. बारावीनंतर शिक्षण सुटलं, म्हणून पाच याद्यांपैकी एकीतही त्याचं नाव नाही. पाच संघांकडून खेळला, प्रमाणपत्र शून्य. मिळाली ती त्या दिवसाची मजुरी, तीही अर्धी. अर्धा दिवस मका उलथलाच नाही म्हणून.

सर मात्र जोशात आहेत. पुढच्या हंगामापासून गटात सॉफ्टबॉलही सुरू होतोय, मुलांचा आणि मुलींचा. मी विचारलं, साहित्याचं काय? म्हणाले, “आहे ना. जाळीला नवी सुतळी बांधून ठेवलीय.”