सरपन जंगलातलं आहे

(दिवाळी नुकतीच झाली आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडस्याजवळच्या एका खेड्यात मंडई भरली आहे. रात्री झाडीपट्टीचं नाटक आहे आणि ते पहाटेपर्यंत चालणार, म्हणून भजेवालीची कढई दुपारपासूनच तापली आहे. पुण्याचा पाहुणा येतो. गळ्यात कॅमेरा, डोक्यावर शिकाऱ्याची टोपी. या टोप्या जंगलात कमी आणि बाजारात जास्त दिसतात.)

पाहुणा : मावशी, इथलं खास काय आहे?

भजेवाली : आलुबोंडा आहे, समोसा आहे, मिरचीचे भजे आहेत. जिलबी पलीकडं.

पाहुणा : हे पुण्यातही मिळतं हो. मला अस्सल पाहिजे. जंगलातलं.

भजेवाली : सरपन जंगलातलं आहे.

पाहुणा : तसं नाही. लाल मुंग्यांची चटणी वगैरे?

भजेवाली : ते भामरागडाकडं. माडिया लोक करतेत. इथून दीडशे किलोमीटरच्या वर जा लागते. इथल्या मुंग्या जिलबीवाल्याकडं आहेत, पन त्या तो झटकून टाकते.

पाहुणा : (आवाज खाली आणून) बरं, मोहाचं काही?

भजेवाली : गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे, भाऊ. चंद्रपूरले 2015 मधी बंद केली, 2021 मधी उघडली. आमची बंदच.

पाहुणा : म्हणजे मिळतच नाही?

भजेवाली : तुमच्या बाजूले भजे खाऊन राहिले ना, ते दादा पोलीस आहेत. त्याहीले इचारा.

पाहुणा : छे छे! मी फुलांबद्दल विचारत होतो. फुलांबद्दल!

भजेवाली : फुलं चैतात पडतेत. पहाटे उठून झाडाखाली येचा लागते. आता वाळलेली आहेत, घरी मडक्यात.

पाहुणा : मग त्यांचं काही करून इथं विका ना! लोक तुटून पडतील.

भजेवाली : कोन तुटून पडते? घरोघरी मडकं आहे. मोह घरी, पावसाळ्यात बांबूचे कोंब, वास्ते घरी, सात्या, म्हंजे अळंबी, भेटल्या त त्याही घरी. मंडईले मानूस चार कोस चालत येते ते जिलबी खाले. घरचंच खाचं होतं त आला कायले असता?

पाहुणा : (खचून) द्या मग आलुबोंडाच.

भजेवाली : सांबार टाकू?

पाहुणा : वा! भरपूर टाका. नाहीतर असं करा, वेगळा वाटीतच द्या.

भजेवाली : वाटीत? (मूठभर कोथिंबीर वाटीत घालते.) घ्या.

पाहुणा : अहो, ही कोथिंबीर आहे.

भजेवाली : तेच म्हन्लं ना मी, सांबार.

पाहुणा : मग आम्ही ज्याला सांबार म्हणतो, त्याला काय म्हणायचं?

भजेवाली : ते पुन्याले जाऊन म्हना. रस्सा पाहिजे असन त तसं सांगा. तिखट आहे.

(पाहुणा रस्सा खातो. बराच वेळ संवाद बंद. डोळे पुसताना त्याला शेजारची टोपली दिसते.)

पाहुणा : मावशी, त्यात काय आहे? काळं काळं, शिंगं असलेलं. वटवाघळं?

भजेवाली : शिंगाडे! मालगुजारी तलावातले. ढिवर लोक लावतेत. उकडले का काळे होतेत.

पाहुणा : शिंगाडा? आमच्याकडे तर पीठ असतं. पांढरं. उपासाला.

भजेवाली : मंग तुमाले काय वाटलं, पीठच झाडाले लागते?

(पाहुणा एक उचलून तसाच चावतो.)

पाहुणा : आई गं!

भजेवाली : सोला आधी! शिंगं कोनी खाते का, भाऊ?

पाहुणा : (सोलून खात) अरे, छान आहे की! गोडसर. पण हे तलावातलं ना? म्हणजे जंगलातलं नाहीच.

भजेवाली : तलाव जंगलात आहे.

(पाहुण्याचा चेहरा उजळतो. तो सहा फोटो काढतो आणि किलोभर शिंगाडे बांधून घेतो.)

भजेवाली : तुमच्या पुन्याले काय खास भेटते जी?

पाहुणा : बाकरवडी.

भजेवाली : मंग पुढच्या मंडईले तेच आना. इथं लावा माझ्या बाजूले. आमी बी पाहू, पुन्याच्या जंगलातलं.