भुयारवाले काका

भद्रावतीच्या विजासन टेकडीवर जायला ना काठी लागते ना दम. चढ सुरू झाला असं वाटेपर्यंत तो संपलेला असतो. तरी काका पायात ट्रेकिंगचे बूट, डोक्याला दुपट्टा, खांद्यावर दोरखंड आणि हातात लांबडी बॅटरी अशा जामानिम्याने हजर. दोरखंड कशाला, हे त्यांना विचारू नये. "भुयार आहे ना जी! अंदर काय होईन, कोन सांगावं?"

चांदा म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या प्रत्येक सहलीत असे एक काका असतातच. बहुधा निवृत्त मास्तर, आणि तेही गणिताचे. जुन्या भिंतीपेक्षा तिच्यामागचं भुयार त्यांना आधी दिसतं. एक भुयार चांद्याच्या परकोटातून बल्लारशाच्या किल्ल्यात, तिथून दुसरं थेट माणिकगडावर. दरेक भुयारातून एक गोंड राणी घोड्यावर बसून जात असते. घोडा अत्यावश्यक, त्याच्याशिवाय भुयाराची उंची सिद्ध होत नाही.

विजासनचं लेणं काकांच्या हाती आयतंच सापडलं आहे, कारण ते खरोखर भुयारासारखं आहे. डोंगराच्या पोटात सरळ खोदत नेलेली अरुंद वाट, टोकाला गाभारा, गाभाऱ्यात बसलेली बुद्धमूर्ती. डाव्या-उजव्या हाताला आणखी दोन वाटा, त्यांच्याही शेवटी बुद्धच. इंग्रज पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमने मधली वाट मोजली, ती 71 फूट भरली, आणि त्याचा अहवाल 1879 साली छापूनही आला. काकांना कनिंगहॅम मंजूर नाही. "साहेब माणूस तो. एकाहत्तर फुटावर घाबरला, वापस आला, अन् तेवढंच लिहून देल्लं."

मी भीत भीत म्हटलं, "काका, इथून चांद्यापर्यंत सगळीकडे कोळशाच्या खाणी. इतकी वर्षं खोदतायत, कुणाच्याच सब्बलीला तुमचं भुयार कसं लागलं नाही?"

"लागलं ना! दाबून टाकलं."

"आणि वाटेत इरई नदी?"

"नदी नंतरची आहे."

गणिताच्या मास्तरांचा हा ठामपणा मला शाळेपासून ठाऊक आहे. उत्तर आधी पक्कं, रीत मागाहून.

आत पांढऱ्या लुगड्यातली एक आजी मेणबत्ती लावून वंदना म्हणत होती. बाबासाहेबांनी 16 ऑक्टोबर 1956 रोजी चांद्याला दीक्षा दिली, तेव्हापासून या जिल्ह्यातल्या कितीतरी घरांना ही टेकडी आपली वाटते. आमचे काका मात्र मूर्तीच्या बगलेला उकिडवे बसून भिंतीवर बॅटरी ठोकत होते. पोकळ आवाज कुठे येतो, त्याचा शोध चालला होता. आजीने वंदना पुरी केली आणि वळून पाहिलं.

"काहून ठोकून राहिला बापू भिताडाले? बुद्ध भगवान समोर बसले आहेत, अजून कुठं जाचं आहे तुले?"

काकांनी बॅटरी काखेत मारली आणि मुकाट हात जोडले. टेकडी उतरेपर्यंत तोंडातून शब्द नाही. मला वाटलं, माणूस बदलला.

पुढे डोलारा तलावावरचा जुना दगडी पूल बघायला गेलो. धिप्पाड खांबांवर उभा, तळ्यातल्या बेटाकडे जाणारा. काका पुलावर चढले, वाकून पाणी न्याहाळलं आणि मला खुणेनेच जवळ बोलावलं.

"एवढा मोठा पूल वरून काहून बांधला, सांग बरं? खालचा रस्ता लोकाइले समजू नाही म्हनून!"