चेहऱ्यावर तेज

१९३०च्या दशकात किरणोत्सारी थोरियम दोन नोकऱ्या सांभाळत होतं. ‘थोरोट्रास्ट’ या नावाने ते रक्तवाहिन्यांत टोचलं जाई, म्हणजे क्ष-किरणांच्या चित्रात शिरा ठळक उमटत. आणि पॅरिसमध्ये, रेडियमच्या जोडीने, ‘थो-रादिया’ क्रीममधून ते बायकांच्या गालांवर चोपडलं जाई. पडताळणी कडक होती: डबीवर चक्क डॉ. आल्फ्रेड क्युरींचं नाव! मादाम क्युरींशी त्यांचं काही नातं नव्हतं म्हणा, पण क्रीम घेताना वंशावळ कोण मागतं? जाहिरातीतल्या सुंदरीच्या चेहऱ्यावर खालून उजेड पडलेला असे. इतकी प्रांजळ जाहिरात सौंदर्यप्रसाधनांच्या धंद्यात विरळाच.

थोरोट्रास्टची चित्रं खरोखर सुरेख यायची. फक्त चित्र काढून झाल्यावर पाहुणा यकृतातच मुक्काम ठोकायचा आणि दोन-तीन दशकांनी कर्करोग होऊन भेटायचा. थोरियमचं अर्धायुष्य सुमारे १४०० कोटी वर्षांचं. ‘दीर्घकाळ टिकणारा परिणाम’ म्हणतात तो हाच.

पुढे फ्रान्समध्ये नियम आवळले गेले, तेव्हा कंपनीने क्रीममधला किरणोत्सारी माल गुपचूप काढून टाकला. नाव तेवढं ‘थो-रादिया’च ठेवलं, आणि विक्रीही चालू राहिली.